शर्तीबाहेर

सुनीतीचे वडील जिनगोंडा मगदूम यांची एक अडचण होती. जैन बस्तीच्या, म्हणजे मंदिराच्या, कट्ट्यावर बसणाऱ्या त्यांच्या सोबत्यांपैकी एकाचा मुलगा बँकेत होता, एकाचा हुपरीला चांदीच्या धंद्यात होता, एकाची सून कोर्टात वकिली करत होती. कुणी विचारलं, "तुमची सुनीती काय करते हो?" की अप्पा ताठ बसून सांगत, "संशोधन करती. जगभरच्या लोकांबरोबर." पुढचा प्रश्न ठरलेला असे. "कशाचं?"

"विणायचं. नळीसारखं कायतरी विणती."

"कशाला लागतं ते?"

इथे अप्पांचा ताठा उतरे. कारण ते अप्पांना माहीत नव्हतं, आणि गंमत म्हणजे सुनीतीलाही माहीत नव्हतं.

हे असं कसं, ते समजायला थोडं मागे जावं लागेल. एके काळी एखाद्या मोठ्या कंपनीचं संशोधन म्हणजे तिच्या मुख्यालयामागची एक बंद इमारत असे. मग कंपन्यांच्या लक्षात आलं, की हुशार माणसं आपल्या मुख्यालयाच्या गावातच जन्माला येतात असं काही नाही. तेव्हा त्यांनी बंगळूरला, पुण्याला, शेन्झेनला केंद्रं उघडली. पुढे तीही सुस्तावली. मग जगभरच्या लहान लहान प्रयोगशाळांना कामं वाटायची टूम निघाली. अडचण फक्त गुपिताची होती. काम सगळं बाहेर द्यायचं आणि गुपितही घरात ठेवायचं, हे जमायचं कसं?

ते जमवलं 'जाळ्या'नं. त्याचं खरं नाव लांबलचक होतं, पण इचलकरंजीत सगळे त्याला जाळंच म्हणत. जाळ्याच्या मध्यभागी वाटणी करणारी एक संगणकप्रणाली होती. कंपनी तिला सांगे, मला अमुक वस्तू हवी. प्रणाली त्या वस्तूचे शेकडो तुकडे पाडी, प्रत्येक तुकड्यानं किती ताण, किती उष्णता, किती पाणी सोसायचं त्याच्या शर्ती लिही, आणि एकेक तुकडा जगातल्या योग्य त्या प्रयोगशाळेकडे धाडून देई. समजा, सुरी बनवायची आहे. मूठ करणाऱ्याला पात्याचा पत्ता नसे, पातं करणाऱ्याला मुठीचा. अख्खी सुरी कुणाच्याच हातात नसल्यामुळे ती कुणी पळवूही शकत नसे. एरवी बारा-बारा वर्षं रखडणारी औषधं जाळ्यामुळे तीन वर्षांत बाजारात येऊ लागली होती. जाळ्याला नावं ठेवायला कुणाला फारशी जागाच नव्हती.

इचलकरंजीत या जाळ्याचा एक धागा आणून बांधला तो बाहुबली चौगुलेनं. बाहुबली हा सुनीतीचा कॉलेजातला वर्गमित्र. जर्मनीतली चांगली नोकरी सोडून तो गावी परतला आणि बंद पडलेल्या मागांच्या एका शेडमध्ये त्यानं वस्त्रसंशोधनाची प्रयोगशाळा काढली. विणकामाचा विभाग सुनीतीकडे दिला. सुनीतीच्या रक्तातच माग होता. अप्पांनी आयुष्यभर जॉबर म्हणून गावभरचे माग दुरुस्त केले होते, आणि मागाच्या नुसत्या आवाजावरून कुठला धोटा अडखळतोय ते लहानपणी तीही सांगत असे.

तिच्या वाट्याला आलेला तुकडा असा होता : वनस्पतींपासून बनवलेल्या एका नव्या बहुवारिक (पॉलिमर) धाग्याची अंगठ्याएवढ्या जाडीची नळी विणायची. ती लाख वेळा वाकवली तरी तुटता कामा नये, उकळत्या पाण्याच्या जवळपास तापली तरी सैल पडता कामा नये, ओलीनं कुजता कामा नये. दीड वर्ष ती या नळीमागे होती. शेडमध्ये जेवायच्या सुटीत सगळ्यांचा एक खेळ चाले, नळी कशाची असेल ते ओळखण्याचा. कुणी म्हणे पाणबुडीची, कुणी म्हणे अंतराळवीराच्या पोशाखाची. बाहुबली म्हणे, "जर्मनांच्या बिअरच्या पिंपाची असणार, पैज लावतो."

चैत्रात तिचा तुकडा जाळ्यानं पहिल्या दर्जाचा म्हणून स्वीकारला. त्या दिवशी शेडमध्ये पेढे वाटले गेले. घरी अप्पांनी भरली वांगी केली. सुनीतीची आई गेल्यापासून स्वयंपाकघर त्यांनी ताब्यात घेतलं होतं, आणि सुरुवातीला करपवणारा माणूस आता तिखटमिठाचा पक्का झाला होता.

*

आषाढातल्या एका रविवारी सुनीती स्वयंपाकघरात डबे पुसत होती. शेगडीशेजारच्या तेलाच्या डब्याची कडी कधीची निसटली होती, आणि तिथे अप्पांनी काहीतरी चिंधीसारखं गुंडाळून बांधलं होतं. तिनं गाठ सोडायला बोट घातलं, तर गाठ सुटली नाही. ती मोडली. पापड मोडावा तशी.

तिनं तुकडे उजेडात धरले. तिरक्या विणीची ती बारीक जाळी तिनं अंधारातसुद्धा ओळखली असती.

"अप्पा, हे कुठनं आणलंत?"

"तुझ्याच पिशवीत होतं की. तूच म्हणालीस, नमुन्याचे उरलेले तुकडे हायेत, टाकून द्या. म्हटलं, एवढं चिवट कापड टाकायचं कशाला? बांधलं डब्याला."

"कधी बांधलंत?"

"पाडव्याच्या आसपास. का गं? चुकलं का काय?"

सुनीतीनं मोडलेला तुकडा पुन्हा चिमटीत दाबला. लाख वेळा वाकवून न तुटलेली नळी तेलाच्या डब्याला तीन-साडेतीन महिने बांधून ठेवल्यावर तिच्या बोटांत चुरत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं जाळ्याच्या प्रणालीला साधी शंका पाठवली. धागा स्वयंपाकाच्या तेलाच्या सान्निध्यात ठिसूळ होतो असं दिसतं. ही नळी तेलाजवळ वापरली जाणार आहे का? उत्तर चहा निवायच्या आत आलं. 'आपण उल्लेख केलेला घटक आपल्या तुकड्याच्या शर्तीबाहेर आहे. आपल्या दक्षतेबद्दल आभार.'

ती तशीच तो मोडका तुकडा घेऊन बाहुबलीच्या खोलीत गेली.

बाहुबलीनं तो वरखाली करून पाहिला. "डब्याला काय काय लागलं असेल कुणास ठाऊक. साबण, हळद, चटणी. यावरनं मी काय समजू?"

"म्हणजे तुला काही वाटत नाही?"

"वाटण्याचा प्रश्न नाही, सुनीती. अप्पांच्या तेलाच्या डब्याच्या जोरावर मी जगापुढं तोंड उघडणार नाही. आधी प्रयोग कर. रीतसर."

मग प्रयोग झाला, आणि तो त्या शेडनं पूर्वी कधी पाहिला नव्हता असा झाला. काचेची मोठी पेटी आणली, तिच्यात नळीचे नमुने टांगले, खाली शेगडी ठेवली. पण फोडणी नेमकी कशी आणि किती द्यायची, हे कुठल्याच प्रमाणपुस्तकात नव्हतं. शेवटी सुनीती अप्पांनाच घेऊन आली. अप्पा धुतलेला सदरा घालून आले. पेटीच्या झरोक्यातून हात घालून त्यांनी मोहरी टाकली, जिरं टाकलं, हिंग टाकला, लाल मिरची टाकली. तडतड झाली आणि शेडभर ठसका उठला. सूत मोजणाऱ्या पोरी खोकत खोकत बाहेर पळाल्या.

"रोज दोन वेळा," अप्पा शास्त्रज्ञाच्या गांभीर्यानं म्हणाले, "आन् दर अमावास्येला तळण. घरात तसंच असतंय."

महिनाभरात चित्र स्पष्ट झालं. पाण्यानं, उन्हानं, नुसत्या उष्णतेनं त्या धाग्याला काही होत नव्हतं. पण तेल कडकडीत तापलं की त्याचे रेणू फुटून अल्डिहाइड नावाची चिमुकली, चिकट स्वभावाची संयुगं हवेत उडतात. तळणाच्या वेळी डोळ्यांना झोंबतात ती हीच. ही संयुगं धाग्याच्या रेणूंच्या मोकळ्या टोकांना जाऊन चिकटत होती, आणि शेजारशेजारच्या दोन साखळ्यांना एकमेकींशी जखडून टाकत होती. धागा वाकतो, कारण त्याच्या आतल्या साखळ्या एकमेकींवरून सरकू शकतात. त्या जखडल्या की वाकणं संपलं. मग उरतं ते फक्त मोडणं.

बाहुबलीनं आलेख पाहिले, पुन्हा पाहिले, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मानलं," तो म्हणाला. "तुझं खरं आहे."

"मग थांबा लावू या."

'थांबा' हा जाळ्याच्या नियमांतला शेवटचा उपाय होता. तुकडा देणाऱ्या प्रयोगशाळेला वाटलं, की आपल्या तुकड्यानं घात होईल, तर ती अख्खं काम थांबवू शकत असे. फक्त कारण पोकळ निघालं तर तिची पत जाई, आणि पत गेलेल्या प्रयोगशाळेकडे पुन्हा कुणी ढुंकून बघत नसे.

"खरं असणं वेगळं आणि लागू असणं वेगळं," बाहुबली म्हणाला. "समज, ती नळी समुद्राच्या तळाशी जाणार आहे. तिथं कोण मोहरी तडतडवणार आहे? आपण जगभरच्या शंभर प्रयोगशाळांचं काम बंद पाडायचं आणि मग हसं करून घ्यायचं? या शेडमध्ये अकरा माणसं आहेत, सुनीती. निम्म्यांची घरं एवढ्यावर चालतात."

"आणि समुद्राच्या तळाशी जाणार नसली तर?"

"तर ज्याच्यापुढं पूर्ण चित्र आहे तो बघेल ना! एवढे शहाणे लोक बसलेत. कुणीतरी बघतच असेल."

"बाहुबली, आपण इथं बसून असं म्हणतोय. त्यातला प्रत्येक जण आपापल्या गावात बसून हेच म्हणत असला तर?"

त्यानं टेबलावरचा चष्मा उचलून पुन्हा डोळ्यांवर चढवला. शेजारच्या कारखान्यातल्या मागांचा खटखटाट ऐकू येत होता.

"मी सही करणार नाही," तो शेवटी म्हणाला. "माझ्याच्यानं नाही होणार."

नियमात आणखी एक वाट होती. संशोधक स्वतःच्या एकट्याच्या नावावर थांबा लावू शकत असे. त्यानं काम पंधरवडाभर थांबे आणि प्रयोगशाळेची पत शाबूत राही. पण कारण पोकळ ठरलं तर त्या संशोधकाचं नाव जाळ्यातून कायमचं पुसलं जाई, आणि चौकशी होईपर्यंत त्याला आपल्या कामाला हातही लावता येत नसे.

सुनीती आपल्या टेबलाशी गेली. कारणाच्या चौकटीत तिनं चार ओळी लिहिल्या, आलेख जोडले. आपल्याला हे कुठे वापरणार ते माहीत नाही, हेही तिनं सरळ लिहून टाकलं. मग तिनं कळ दाबली. संगणकाचा पडदा क्षणभर पांढरा झाला आणि त्यावरून तिचं नाव गेलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचे खांदे सैल पडले. पुढे काय होईल ते होवो, आता हे तिच्या एकटीच्या पोटात नव्हतं.

पिशवी घेऊन ती दारातून बाहेर पडली तेव्हा बाहुबलीनं मान वर केली नाही.

*

"दाबलीस कळ?" अप्पांनी विचारलं.

"दाबली."

"बरं झालं." त्यांनी भाकरी उलटली. "मागाचा आवाज बिघडला की आमी आधी माग थांबवायचो. मालक वरडायचा. पण चालत्या मागात हात घालणाऱ्यांची बोटं मी बघितल्यात."

दिवस मेले पुढे सरकेनात. सुनीतीनं घरातली कपाटं आवरली, मग पुन्हा आवरली. बाहुबलीचा फोन नव्हता. शेडमधली एक मैत्रीण येऊन सांगून गेली, की साहेब कुणाशी बोलत नाहीत, दुपारचा डबाही तसाच परत नेतात. सुनीतीला त्याचा राग येत होता आणि काळजीही वाटत होती. दोन्ही एकदम वाटणं हे फार त्रासाचं असतं.

नियम असा होता, की एखाद्या तुकड्याला थांबा लागला की त्याला चिकटून असलेल्या तुकड्यांच्या प्रयोगशाळांना, कुणाचंही नाव न सांगता, थांब्याचं कारण कळवलं जाई. हे सुनीतीला माहीत होतं, पण तिनं त्यावर भिस्त ठेवली नव्हती. म्हणून आठवडा उलटल्यावर, ती अंगणात वाळत घातलेले कपडे काढत असताना फोन वाजला, तेव्हा निरोप वाचायला ती कपडे खांद्यावर टाकून तिथंच थांबली. 'आपल्या शेजारच्या तुकड्यालाही थांबा लागला आहे. लागून असलेल्या दोन तुकड्यांना थांबा लागल्यामुळे नियमानुसार गुपिताचा पडदा उघडून वस्तू काय आहे ते सांगण्यात येत आहे. उद्या सकाळच्या बैठकीस हजर राहावे.'

तिनं पुन्हा पुन्हा वाचलं. दुसरं कुणीतरी होतं. जगात कुठेतरी आणखी एक माणूस होतं, ज्यानं तिच्या चार ओळी वाचून स्वतःचं नाव पणाला लावलं होतं.

*

बैठक शेडमध्येच झाली, कारण तिच्या घरचा संगणक जाळ्यानं बंद केला होता. बाहुबलीनं तिच्यासाठी स्वतःची खुर्ची सोडली आणि स्वतः भिंतीशी उभा राहिला. दोघं एकमेकांशी एवढंच बोलले : "आलीस?" "आले."

पडद्यावर आठ-दहा चेहरे होते. कंपनीचे दोघे, जाळ्याचे दोन पंच, आणि वेगवेगळ्या देशांतले तुकडेवाले. त्यांच्यापैकी एक घानातल्या कुमासी शहरातली एफुआ ओवुसू नावाची बाई होती. रुंद चेहऱ्याची, डोक्याला निळं फडकं बांधलेली. दुसरा थांबा तिनं लावला होता.

सुनीतीला बोलायला सांगितलं. प्रणाली प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकवत होती, म्हणून ती सरळ मराठीत बोलली. "आमच्याकडे रोज दोन वेळा स्वयंपाकघरात फोडणी होते. त्या फोडणीनंच नळी मोडते."

एकदम गलका झाला. कंपनीचा माणूस खुर्चीतून उठला. पंचांपैकी एक बाई पांढरीफटक पडली. "रोज दोन वेळा? माणसं जखमी आहेत का? आम्हाला आधी का कळवलं नाही?"

सुनीतीला काही कळेना. मग पडद्यावरचं इंग्रजी भाषांतर वाचून बाहुबली भिंतीशी उभ्या उभ्या खुदकन हसला. प्रणालीनं 'फोडणी'चं भाषांतर 'स्फोट' असं केलं होतं.

त्यानं पुढे होऊन इंग्रजीत समजावून सांगितलं, की हे तेलात मोहरी टाकण्याबद्दल चाललं आहे. सगळ्यांनी श्वास सोडला. पण कंपनीच्या माणसाचा चेहरा पुरता सावरला नाही, आणि का ते लगेच कळलं. पडदा उघडला होता, म्हणून त्याला आता ती वस्तू दाखवावी लागली. ती स्वयंपाकघरातल्या हायड्रोजनच्या शेगडीची नळी होती.

हायड्रोजन जळताना धूर सोडत नाही, फक्त पाण्याची वाफ सोडतो. म्हणून गॅसच्या टाक्यांच्या जागी तो आणायचा सगळ्या देशांचा प्रयत्न चालू होता. पण त्याचा अणू इतका लहान, की तो पोलादातही शिरतो आणि पोलाद ठिसूळ करतो. म्हणून धातूऐवजी विणलेली नळी हवी होती. सर्वांत आत वायू अडवणारा पातळ थर, त्यावर बळ देणारी सुनीतीची वीण, आणि सर्वांत बाहेर एफुआनं केलेलं वेष्टण.

"माझ्या शर्तींत लिहिलं होतं, की वेष्टणातून हवा खेळली पाहिजे," एफुआ म्हणाली. "आता कळलं का ते. चुकून वायू झिरपला तर तो आत कोंडू नये म्हणून. पण ज्या वेष्टणातून वायू बाहेर जातो त्यातून वाफा आतही जाणारच. मला तेव्हाच वाटलं होतं, आतल्या थरानं त्या सोसायला हव्यात. मग म्हटलं, आतला थर करणाऱ्याला माहीत असेलच. कुणीतरी सगळं बघत असेलच. आमच्याकडं रोज पाम तेलात तळण होतं, ताई. तुमचं कारण वाचलं आणि माझ्या हातातला चमचा खाली पडला."

"पण सगळं बघणारं नक्की कोण होतं?" सुनीतीनं विचारलं.

कंपनीचा माणूस पंचांकडे बघू लागला. पंच प्रणालीकडे बोट दाखवू लागले. प्रणालीनं तर ज्याची शर्त नव्हती ते बघितलंच नव्हतं, आणि शर्त लिहिणारी प्रणालीच होती. पाश्चात्त्य स्वयंपाकघरांच्या जुन्या नोंदींवरून तिनं त्या लिहिल्या होत्या. तिथल्या नोंदींत तेल बाटलीतच राहत होतं.

बाहुबलीनं मग तो प्रश्न विचारला, जो सुनीतीच्या ओठांवर येऊन अडकला होता. "या नळ्या कुठं बसवल्यात का?"

बसवल्या होत्या. पाच शहरांत चाचणीसाठी. त्यांतलं एक सोलापूर होतं, एक कुमासी. जोडून चार महिने होत आले होते.

*

बैठक संपायच्या आत पाचही शहरांत वायूचा पुरवठा दुरूनच बंद करण्यात आला. नळ्या काढायला माणसं हवी होती, आणि मोडकळीला आलेली नळी कशी हाताळायची हे सुनीतीपेक्षा चांगलं कुणाला ठाऊक नव्हतं. बाहुबलीनं गाडी काढली. मिरजेवरून सोलापूरला जाईपर्यंत दोघं जेमतेम दहा वाक्यं बोलले असतील. जतच्या अलीकडे चहाला थांबले तेव्हा तो म्हणाला, "मी सही करायला पाहिजे होती."

"तू प्रयोग कर म्हणालास म्हणून माझ्या हातात आलेख होते," सुनीती म्हणाली. "नुसती मोडकी गाठ घेऊन गेले असते तर त्या बाईनं तरी काय वाचलं असतं?"

त्यानं कपातला चहा संपवला. "तरी करायला पाहिजे होती," तो पुन्हा म्हणाला. या वेळी तिनं विरोध केला नाही. तो विरोधासाठी बोलतच नव्हता.

सोलापुरात विणकरांच्या एका वसाहतीत चाचणीच्या शेगड्या होत्या. चार मजली इमारती, जिन्यात चादरींचे गठ्ठे. स्थानिक कर्मचाऱ्यांबरोबर त्यांनी घरोघरी जायला सुरुवात केली. दार उघडलं की सुनीतीची नजर आधी माणसांवर जाई, ती सगळी धडधाकट आहेत ना, आणि मगच शेगडीवर. प्रत्येक दारागणिक तिच्या छातीवरचं एकेक वजन उतरत होतं.

तिसऱ्या मजल्यावर रेणुका येमुल नावाच्या बाईचं घर होतं. ती शेंगापोळीचं सारण कुटत बसली होती आणि तिचा पारा चढलेला होता.

"काय करायलात हो तुम्ही? सकाळपासून गॅस बंद. चांगली चालायलीय की शेगडी! धूर नाही, काजळी नाही. आता कुठं सवय झाली होती."

"दहा मिनिटं द्या, वहिनी," बाहुबली म्हणाला.

शेगडीमागच्या भिंतीवर तेलाचा पिवळा पापुद्रा बसला होता. ही बाई मन लावून स्वयंपाक करणारी दिसत होती. सुनीतीनं सांधे मोकळे केले, दोन्ही हातांनी नळी अलगद उचलली आणि मधोमध किंचित वाकवली.

कट् असा आवाज झाला. नळीचे दोन भाग तिच्या दोन हातांत आले.

रेणुकाबाईंच्या हातातला बत्ता थांबला. कोपऱ्यात त्यांची सासू चादरीला गोंडे वळत बसली होती, दारात शेजारची दोन पोरं डोकावत होती. सुनीतीनं त्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं. ते दोन तुकडे तिनं तसेच हातांत धरून ठेवले होते. बाहुबलीनं ते तिच्या हातांतून काढून घेतले.

ती बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसली. रडू येत होतं आणि हसूही. बाहुबली येऊन शेजारी बसला. फोनवर निरोप येत होते : कुमासीत सगळ्या नळ्या निघाल्या, इतर शहरांतही काम आटोपत आलं, कुठेही कुणाला इजा नाही. एफुआनं एक चित्र धाडलं होतं. नळ्यांचा ढीग, आणि त्याच्यापुढे कमरेवर हात ठेवून उभी ती स्वतः. खाली पंचांची सूचना होती, की यापुढे लागून असलेल्या तुकड्यांवर काम करणाऱ्यांना एकमेकांशी बोलायची मुभा राहील.

"नवा धागा लागेल," बाहुबली म्हणाला. "मोकळी टोकं आधीच झाकून घेतलेला."

"एफुआला विचारून करू. तिच्याकडं पाम तेल आहे, आपल्याकडं शेंगदाण्याचं."

दार उघडलं. रेणुकाबाई बाहेर आल्या, हातात चहाचे दोन पेले. त्यांचा राग अजून गेला नव्हता. आपल्या घरातून आज काय बाहेर गेलं, हे त्यांना पुरतं कळलेलंही नव्हतं.

"घ्या," त्या म्हणाल्या. "शेजारणीच्या कोळशाच्या शेगडीवर केलाय. धूर लागला असंल थोडा. पण तुमच्यामुळंच, मी काय करू?"

"फक्कड झालाय," सुनीती म्हणाली, अजून तोंडाला न लावताच.

"आधी प्या तर! मग सांगा. आणि माझी शेगडी कधी देताय ते लिहून देऊन जावा."

सुनीतीनं घोट घेतला. चहाला खरंच धूर लागला होता. तिनं पेला रिकामा करून पुन्हा पुढे केला.

"अजून थोडा आहे का हो?"